अनंत चतुर्दशीचा रस्ता



माझ्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर तीन तारखा लाल शाईने लिहिलेल्या आहेत. २८ सप्टेंबर २०२३, गुरुवार. १७ सप्टेंबर २०२४, मंगळवार. ६ सप्टेंबर २०२५, शनिवार. तिन्ही अनंत चतुर्दशीच्या. आमच्या ह्यांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असं आठवड्यातून तीन वेळा असतं. म्हणजे लागोपाठ तीन वर्षं विसर्जनाची मिरवणूक आणि डायलिसिस एकाच दिवशी आलं. बी.कॉम.ला संख्याशास्त्र शिकले होते, पण असा योग तिथेही शिकवला नव्हता.

आज लिहिते आहे ती या रस्त्याची गोष्ट. घरची आहे आणि इतिहासाचीही, कारण तो रस्ता कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी सव्वाशे वर्षं मागे जाऊन आले.

बाहेरगावच्या मैत्रिणींना आधी आमचं हिंगोली सांगते. अनंत चतुर्दशीला इथे दोन गर्दी असतात. एक विसर्जनाची, ती सगळीकडे असते. दुसरी फक्त आमच्याकडची. गड्डेपीर गल्लीत विघ्नहर्ता चिंतामणी गणपती आहे. त्याला लोक मोदकाचा गणपती म्हणतात. अनंत चतुर्दशीला तिथून नवसाचा मोदक घेऊन जायचा आणि नवस फळला की पुढे मोदक आणून फेडायचा, अशी रीत आहे. विदर्भातून, तेलंगणातून लोक येतात. आदल्या रात्रीपासून रांगा लागतात. लाखांत माणसं येतात आणि आमचं गाव आहे तेवढंच राहतं. पीराच्या नावाची गल्ली, तिथला गणपती आणि रांगेत सगळ्या जातीधर्मांची माणसं. मला याचं लहानपणी काही वाटत नसे, आता वाटतं.

आणि त्याच दिवशी आपला दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस, उत्तम ब्रह्मचर्य. अनंत व्रताची चतुर्दशी. बाराव्या तीर्थंकर वासुपूज्य भगवंतांचं मोक्षकल्याणकही याच तिथीचं. मंदिरात अभिषेक होतो, निर्वाण लाडू चढतो. एका गल्लीत मोदक, दुसऱ्या गल्लीत लाडू. सासूबाई म्हणायच्या, "आज गावात कोणी उपाशी राहणार नाही, आपण सोडून."

आता २०२३ ची चूक सांगते, कारण ती माझी आहे.

ह्यांचं डायलिसिस त्या वर्षीच सुरू झालं होतं. वेळ सकाळी अकराची. मी दहा दिवस एकासन करत होते आणि चतुर्दशीचा उपवास होता. मनात एकच, की अभिषेक आणि लाडू झाल्याशिवाय मंदिरातून उठायचं नाही. हे म्हणाले, "लवकर निघू या का?" मी म्हटलं, "अकराला वेळ आहे, साडेदहाला निघालो तरी पोचू." रोज पोचत होतोच. मंदिरातून घरी आले, रिक्षा बोलावली. दुसऱ्या चौकात बांबू आडवे बांधलेले. रिक्षावाल्याने मागे वळून दुसरी गल्ली घेतली, तिथे रांग. तिसरीकडे ढोल. शेवटी उतरलो आणि चालत निघालो. ज्या माणसाला दिवसाचं पाणी मापाने प्यायचं असतं, त्याला मी उन्हात अर्धा तास चालवलं. पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्या मशीनवर पुढचा रुग्ण ठरलेला होता. चार तासांचं काम अडीच तासांत उरकावं लागलं. अंगातलं पाणी पुरतं निघालं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री ह्यांना आडवं होता येईना इतका दम लागला आणि मध्यरात्री गाडी करून नांदेड गाठावं लागलं.

वाचले. पण नांदेडच्या त्या बाकावर बसून मी कोणाला दोष द्यावा हे शोधत होते. मंडळांना? पोलिसांना? रांगेतल्या बायांना? खरं तर कॅलेंडर माझ्याच स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. त्यावर अनंत चतुर्दशी छापलेली होती आणि गुरुवारही.

घरी आल्यावर वकील भाच्याला विचारलं, "बाबा रे, मिरवणुकीला रस्ता अडवायचा अधिकार तरी आहे का?" तो हसला आणि म्हणाला, "मावशी, हा प्रश्न लंडनपर्यंत जाऊन आलाय." मग त्याने सांगितलं ते मी वहीत उतरवलं.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी मंजूर हसन विरुद्ध मुहम्मद जमान हा खटला प्रिव्ही कौन्सिलसमोर गेला. इंग्रजी राज्यात ते शेवटचं न्यायालय. वाद होता मोहरमच्या मिरवणुकीवरून, शिया आणि सुन्नी यांच्यातला. मशिदीसमोरून जाताना थांबून मातम करायचा की नाही, एवढाच. निकालाचा मथितार्थ असा, की कोणत्याही पंथाला सार्वजनिक रस्त्यावरून आपली धार्मिक मिरवणूक नेण्याचा अधिकार आहे. मात्र इतरांच्या रस्त्याच्या नेहमीच्या वापरात अडथळा येऊ नये आणि अधिकाऱ्यांचे कायदेशीर हुकूम पाळावेत. म्हणजे रस्ता मिरवणुकीचाही आणि माझ्या रिक्षाचाही. जमाखर्चात दोन्ही बाजू जुळतात तसा हा निकाल कागदावर जुळतो. रस्त्यावर जुळवायला मात्र कोणीतरी आधी बसावं लागतं.

कोण बसतं, हे पाहायला मी पुण्याचा इतिहास वाचला. घरचा गणपती जुना, पेशव्यांच्या वाड्यातला उत्सवही जुना. सार्वजनिक रूप आलं १८९२-९३ च्या सुमारास. नानासाहेब खासगीवाल्यांनी ग्वाल्हेरला दरबारी उत्सव पाहिला आणि तो पुण्यात आणायचं मनात घेतलं. भाऊसाहेब रंगारी, घोटवडेकर यांनीही गणपती बसवले. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत मोठी दंगल झाली होती, वातावरण तापलेलं होतं. पुढच्या वर्षी लोकमान्य टिळकांनी विंचूरकर वाड्यात गणपती बसवला आणि उत्सव झपाट्याने वाढला. त्याआधी पुण्यातले पुष्कळ हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत. ते कमी झालं आणि गणपतीचे मेळे आले. त्या १८९४ साली दारूवाला पुलाजवळ मेळ्यावरून मारामारीही झाली. हे सोयीचं नसलं तरी लिहायला हवं. मिरवणूक जन्मली तेव्हाच तिच्यासोबत भांडणही जन्मलं.

आणि भांडणासोबत ठरावही. गणपती वाढले तसा प्रश्न आला, विसर्जनाला पुढे कोण? टिळकांनी आणि जाणत्यांनी ठरवलं की ग्रामदैवत म्हणून कसबा गणपती पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा. पुढे गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा असा क्रम बसला. हे पाच मानाचे गणपती आजही त्याच क्रमाने लक्ष्मी रस्त्याने जातात. सव्वाशे वर्षांत राज्य बदललं, रस्ते बदलले, पण हा क्रम टिकला. मला याचं फार नवल वाटतं. आमच्याकडे लग्नात आधी कोणाला ओवाळायचं यावरून दोन जावा वर्षभर बोलत नाहीत.

पण क्रम ठरला म्हणून वेळ ठरली असं नाही. पुण्याची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते हे आता नेहमीचं झालं आहे. माझी मुलगी तिथे राहते. ती त्या दिवशी नदी ओलांडायचीच नाही असं ठरवूनच टाकते. तरी एक बदल २०२३ मध्ये झाला, नेमका आमच्या चुकीच्या वर्षी. दगडूशेठ हलवाई गणपती पूर्वी मध्यरात्रीच्या सुमारास मिरवणुकीत यायचा. त्या वर्षी मंडळाने दुपारी चारला निघायचं ठरवलं आणि त्याच रात्री विसर्जन झालंही. इतक्या मोठ्या मंडळाने मनात आणलं तर वेळ बदलते, हे मी अधोरेखित करून ठेवलं.

मुंबईची रीत वेगळी. तिथे मिरवणूक आवरत नाहीत, लोकांना घरी न्यायची सोय वाढवतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री लोकलच्या जादा गाड्या सोडतात, म्हणजे गिरगाव चौपाटीवर पहाट झाली तरी माणूस विरारला किंवा कल्याणला पोचतो. करी रोड, चिंचपोकळीसारख्या ठिकाणच्या जुन्या रेल्वे पुलांवर गर्दी करू नका, नाचू नका, अशा सूचना आधीच देतात. पूल जुना झालाय हे मान्य करून आखणी करायची. माझ्या घरातही एक जुना पूल आहे, असं वाचताना मनात आलं.

आणि तारखा. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली होती. तेव्हा मुंबईत खिलाफत कमिटीने आपला जुलूस दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला नेला आणि सरकारने त्या दिवशी सुट्टी दिली. २०२४ ला ईद १६ सप्टेंबरला आणि चतुर्दशी १७ ला. मुंबईत जुलूस १८ ला निघाला, सुट्टीही तिकडे सरकवली. २०२५ लाही तसंच, ईद ५ ला, चतुर्दशी ६ ला, आणि मुंबईची सुट्टी ८ सप्टेंबरला. तीन वर्षं लागोपाठ एका समाजाने आपला दिवस पुढे ढकलला. १८९४ च्या दारूवाला पुलापासून इथपर्यंत आलो, हेही इतिहासात मोजायला हवं. दुसऱ्यासाठी आपला मुहूर्त सोडायचा हे सोपं नाही. मी लाडवाचा मुहूर्त सोडला नव्हता.

आमच्या गावाचा इतिहासही मिरवणुकीचाच आहे. हिंगोली निजामाच्या मुलखातली लष्करी छावणी. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिन्जंट फौज इथे असायची. १९०३ मध्ये ती हिंदुस्थानी लष्करात मिसळली. फौज गेली, नावं राहिली. रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा. या रस्त्यांवर आधी घोडेस्वारांची परेड झाली, मग देवांची. आमचा सार्वजनिक दसराही जुना. १८५५ साली खाकीबाबा मठाच्या महंत मानदास बाबांनी तो सुरू केला असं सांगतात, म्हणजे टिळकांच्या गणपतीच्या कितीतरी आधी.

पण निजामाच्या काळात चार माणसं जमवायची तरी परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' हे नाव आमच्या वडिलांच्या पिढीला पाठ होतं. सभा घ्यायची तर आधी सरकारला विचारा, असं ते फर्मान. आर्य समाजाने १९३८-३९ मध्ये सत्याग्रह केला त्यात धार्मिक स्वातंत्र्याचीच मागणी होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. म्हणून आमच्याकडे मिरवणूक म्हणजे नुसता गोंगाट नाही. ज्यांच्या आजोबांना रस्त्यावर जमायची मोकळीक नव्हती, त्यांची नातवंडं रस्त्यावर नाचतात. त्यांच्यावर रागावताना मी हे आठवते. आणि आपली महावीर जयंतीची शोभायात्रा निघते तेव्हा आपणही चौक अडवतोच की. तेव्हा मागे कोणाची रिक्षा उभी होती, हे मी साठ वर्षांत कधी वळून पाहिलं नव्हतं.

आता २०२४. १७ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, दिवसभर मोदकाची रांग, संध्याकाळी विसर्जन आणि आदल्या दिवशी ईद. मंगळवार हा ह्यांच्यासाठी सगळ्यात अवघड वार, कारण शनिवारनंतर तीन दिवसांचा खंड पडलेला असतो. तो पुढे ढकलता येत नाही.

या वेळी मी पर्युषणाच्या आधीच वही उघडली. तीन रकाने पाडले. पहिला, रस्ता कधी बंद. दुसरा, मशीन कधी मोकळं. तिसरा, जेवण आणि पाणी कुठे. मिरवणुकीच्या आधी वाहतूक बदलाची अधिसूचना निघते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली किंवा पोलीस कायद्याच्या कलम ३३ खाली. त्यात बंद रस्ते, पर्यायी रस्ते आणि किती ते किती वाजेपर्यंत हे लिहिलेलं असतं. बहुतेक अधिसूचनांत रुग्णवाहिकेला सूटही असते. पण रिक्षात बसलेला रुग्ण कागदाला दिसत नाही. म्हणून डायलिसिसच्या वेळापत्रकाचा डॉक्टरांच्या सहीचा कागद खिशात ठेवला. केंद्रात विनंती करून पहाटेची पहिली वेळ मागून घेतली. जाऊबाईंना सांगितलं, "लाडू तुम्ही चढवा, माझ्या वतीने अनुमोदना." त्या क्षणभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "पुण्य तेवढंच आहे हो ताई."

पाचला निघालो. रांग रात्रभराची उभीच होती. लहान मुलं आयांच्या खांद्यावर झोपलेली. आम्ही दोरीपाशी गेलो तर एका स्वयंसेवक पोराने न विचारता दोरी वर केली आणि ह्यांचा हात धरून पलीकडे नेलं. पलीकडे रिक्षा ठरवून ठेवली होती. सव्वाशे पावलं चाललो असू. सहाला सुई लागली, दहाला सुटका. परत घरी जायचा हट्ट केला नाही. गावाबाहेरच्या बाजूला पुतणी राहते, तिच्याकडे दिवस काढला. सूर्यास्ताच्या आत ह्यांचं जेवण झालं. रात्री उशिरा ढोल थांबल्यावर घरी आलो. त्या वर्षी मी मंदिरात पाय ठेवला नाही, पण इतकी शांत चतुर्दशी मला आठवत नाही.

२०२५ ला शनिवार. तो चुकला तर गुरुवार ते मंगळवार असे पाच दिवस झाले असते. मला एक गोष्ट डाचत होती. मी माझी आखणी करते, पण केंद्रात त्या दिवशी खेड्यापाड्यांतून येणारी माणसं असतात. सेनगाव, कळमनुरीकडून एसटीने येणारी. त्यांना कुठे अधिसूचना वाचायला मिळते? सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, मंडळांचे कार्यकर्ते आणि सगळ्या समाजांचे मोठे लोक बसतात. रुग्ण कोणाच्या समाजात मोडतो? त्याच्या वतीने तिथे कोणीच नसतं.

भाच्याला घेऊन मी गेले. आमच्या घरातली बाई पोलीस ठाण्याची पायरी चढली ती पहिल्यांदा. हात थरथरत होते. एक पानाचा अर्ज होता. शनिवारी किती रुग्ण, कोणत्या वेळा, कोणत्या बाजूने येणार, आणि मागणी एकच, केंद्राच्या बाजूचा एक रस्ता या या वेळी मोकळा ठेवा आणि दोरीवरच्या मुलांना तसं सांगून ठेवा. एका मंडळाचे अध्यक्ष उठले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "काकू, माझ्या वडिलांचं होतं हे. आमची दोन पोरं त्या चौकात देतो."

त्या शनिवारी सगळे रुग्ण वेळेवर पोचले. एकजण उशिरा आला, तो एसटी बंद पडल्यामुळे.

मैत्रिणींनो, घरात आजारी, गरोदर किंवा म्हातारं माणूस असेल तर एवढं करा. पर्युषण सुरू व्हायच्या आधी अनंत चतुर्दशीचा वार बघा. ठरलेली तपासणी असेल तर आदल्या आठवड्यातच वेळ बदलून मागा. पहाटेची वेळ सगळ्यात बरी, कारण मिरवणूक रात्री लांबते, पहाटे लवकर उठत नाही. वाहन बांबूच्या पलीकडे उभं करा, अलीकडे नाही. वेळापत्रकाचा कागद, औषधं आणि थोडं खाणं पिशवीत ठेवा. परत येण्यासाठी दुसरं घर ठरवून ठेवा. आणि मंदिरातलं काम कोणाच्या तरी हाती सोपवायला शिका. मला शिकायला एक नांदेडची रात्र लागली.

२०२६ ची अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, शुक्रवारी आहे. आम्ही सुटलो, लाडू चढवायला मी मंदिरात असेन. पण सोमवार, बुधवार, शुक्रवारवाले रुग्ण आहेतच. त्यांच्या वेळा मी कालच केंद्रातून लिहून आणल्या. अर्ज तोच आहे, फक्त तारीख बदलायची आहे.

२०२३ साली मी ज्यांना उन्हात चालवलं, त्यांना क्षमावाणीच्या दिवशी हात जोडले होते. ते म्हणाले होते, "अगं, पुढच्या वर्षी लवकर निघू." तेवढंच.

जय जिनेंद्र.